रुख, गरुड, गंडभेरुंड आणि वीस बाजूंचा फासा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवाढव्य पक्षी म्हणजे नेमके कोणते? नुसतं मोठं गिधाड चालेल का?

नाही चालणार. हे प्रश्न डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे कथाखेळ टेबलाभोवती बसून खेळणाऱ्यांचे आहेत: एक जण, डीएम म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट (मोहीम) चालवतो, बाकीचे आपापलं पात्र खेळतात आणि काय जमलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. ज्यांच्या आकारामुळेच गोष्टीला वळण मिळतं, तेवढेच पक्षी इथे घेतले आहेत. अरबी खलाशांचा हत्ती उचलणारा रुख, ज्याला या खेळांच्या पुस्तकांत रॉक म्हणतात, महाभारतातला गरुड, रामायणातले जटायू आणि संपाती, इराणचा सीमुर्ग, दोन डोक्यांचा गंडभेरुंड, चीनचा पेंग, उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा थंडरबर्ड.

फिनिक्सला लोक सवयीने याच पंगतीत बसवतात. पण ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्याचा आकार साध्या गरुडाएवढा सांगितला आहे आणि त्याच्या वर्णनात आगीचं नावही नाही. बापाचं कलेवर गंधरसाच्या गोळ्यात भरून तो पाचशे वर्षांनी एकदा इजिप्तमधल्या हेलिओपोलिसला नेतो, एवढीच ती हकिकत. जळून राखेतून उठणं नंतरच्यांनी जोडलं. तेव्हा फिनिक्सला इथे एवढीच जागा.

रुखची गोष्ट आली कुठून?

समुद्रावरून. हिंदी महासागरात ये-जा करणाऱ्या अरबी आणि इराणी खलाशांच्या तोंडी ती वाढली. सिंदबादच्या सात सफरींपैकी दुसरीत त्याला निर्जन बेटावर पांढरा घुमट दिसतो. घेर पन्नास पावलं आणि दार कुठेच नाही. आकाश झाकोळून येतं तेव्हा कळतं की घुमट म्हणजे अंडं आहे आणि आई घरी परतली आहे. सिंदबाद डोक्याचा फेटा सोडतो, स्वतःला पक्ष्याच्या पायाला बांधून घेतो आणि बेटावरून सुटतो, तो पडतो थेट साप आणि हिरे भरलेल्या दरीत. पाचव्या सफरीत बरोबरचे व्यापारी अंडं फोडून पिल्लू कापून खातात. मग आईबाप येतात, जहाजाच्या वर घिरट्या घालतात आणि पायांतून खडक सोडतात. जहाज तळाला जातं.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने मादागास्करच्या वर्णनात हाच पक्षी घातला. तो हत्ती उंच नेतो, खाली आपटतो आणि मग सावकाश खातो. तिकडून महान खानासाठी एक पीस आणलं गेलं, असंही त्यात आहे. ते पीस म्हणजे राफिया ताडाचं पान असावं, असा नंतरच्या अभ्यासकांचा एक तर्क आहे. राफियाची पानं वनस्पतिजगात सर्वांत लांब, वीस मीटरच्याही पुढे जाणारी. माडाचं चुडत शेजारी पडल्यावर दचकलेल्या माणसाला हा तर्क पटायला वेळ लागू नये.

आपल्याला, म्हणजे गोव्याला, सर्वांत जवळचा साक्षीदार मात्र मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. चौदाव्या शतकात तो गोव्यात येऊन गेला. त्याच्या प्रवासवर्णनातलं संदाबूर म्हणजे गोवा. चीनकडून परतताना त्याचं जहाज भरकटलं आणि पहाटे समुद्रात, जिथे असायला नको तिथे, डोंगर दिसला. वारा जहाजाला तिकडेच ढकलत होता. थोड्या वेळाने डोंगर पाण्यापासून वर उचलला गेला, खालून उजेड दिसायला लागला. खलाशी रडायला लागले, एकमेकांचा निरोप घेऊ लागले, कारण त्यांच्या मते तो रुख होता आणि त्याने पाहिलं की खेळ खलास. तेवढ्यात वारा फिरला. पुढे काय ते कोणालाच कळलं नाही. आज आपण त्याला मृगजळाचा प्रकार म्हणू. पण डीएम म्हणून टेबल चालवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग पाठ करावा: पक्षी दिसत नाही, चोच नाही, नखं नाहीत, आणि तरीही सगळं जहाज गर्भगळित.

मादागास्करला खरोखर असा पक्षी होता का?

मोठा पक्षी होता, उडणारा नव्हता. हत्तीपक्षी, शास्त्रीय नाव एपिऑर्निस. उंची सुमारे तीन मीटर, वजन पाचशे किलोच्या वर, पंख नावापुरते. साधारण हजार वर्षांपूर्वी तो नामशेष झाला असं मानतात. त्याची अंडी फुटभराहून लांब असत आणि आजही त्यांची टरफलं तिथल्या वाळूत सापडतात. १८५१ साली पॅरिसमध्ये इझिदोर जॉफ्रुआ सेंत-इलेर यांनी अशा अंड्यांवरून आणि हाडांवरून या पक्ष्याला नाव दिलं. एवढं मोठं अंडं हातात आलेल्या व्यापाऱ्याने त्यावरून पक्ष्याचा अंदाज बांधला आणि त्याला पंखही देऊन टाकले, हे शक्य आहे. रुखच्या गोष्टीत अंडं इतकं महत्त्वाचं का, याचं एक उत्तर इथे मिळतं.

आणि उडणाऱ्यांत सर्वांत मोठा?

पेलागॉर्निस सँडर्सी, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रपक्षी. पंखांचा विस्तार सहा ते सात मीटर. अमेरिकेत चार्ल्सटन विमानतळाच्या बांधकामात १९८३ मध्ये सांगाडा मिळाला, ओळख जाहीर झाली २०१४ मध्ये. अर्जेंटिनाचा आर्जेंटाविस त्याच्या तोडीचा आणि त्याहून जड.

माणसाने प्रत्यक्ष पाहिलेला दैत्य म्हणजे न्यूझीलंडचा हास्टचा गरुड. मादी दहा ते पंधरा किलोची, शिकार मोआ या उंच, न उडणाऱ्या पक्ष्यांची. माओरी लोक तिथे पोचले, मोआ खाऊन संपले आणि त्यांच्या मागोमाग हा गरुडही संपला. माओरींच्या गोष्टींतला माणसं उचलून नेणारा पौआकाई हीच त्याची आठवण असावी, असं अनेकांना वाटतं. मलाही.

हत्ती उचलायला पक्षी केवढा लागेल? आमच्या टेबलावर एक इंजिनिअर आहे, तो ऐकत नाही.

त्याला सांगा की लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. म्हणून पक्षी वाढत गेला की एका टप्प्यानंतर त्याला स्वतःलाच उचलवत नाही, हत्ती दूरच राहिला. आजच्या उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत जड आफ्रिकेचा कोरी माळढोक, तोही वीस किलोच्या आतच. एवढं गणित झालं की त्याला विचारा, त्याच्या पात्राने मागच्या शनिवारी बोटातून आग काढली तेव्हा ऊर्जेचा हिशेब कोणी मागितला होता का.

आपल्या जुन्या कथांत रुखसारखं काही आहे का, की सगळं अरबांकडून आलं?

आहे, आणि भरपूर आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात शक्तिदेव कनकपुरी शोधत निघतो. समुद्रातल्या भोवऱ्यावर वाकलेल्या वडाच्या फांदीला धरून तो वाचतो. रात्री त्या झाडावर माणसासारखं बोलणारी प्रचंड गिधाडं उतरतात आणि आपापल्या चाऱ्याच्या गप्पा मारतात. त्यांतलं एक म्हणतं, मी उद्या पुन्हा कनकपुरीला जाणार. शक्तिदेव गुपचूप त्याच्या पाठीवरच्या पिसांत शिरून झोपतो. फुकट तिकीट.

बुधस्वामीच्या बृहत्कथाश्लोकसंग्रहातला सानुदास तर हिऱ्यांच्या दरीचा भाऊच शोभेल. सुवर्णभूमीला जायला निघालेले व्यापारी बोकड मारतात, कातडी उलटी करून अंगावर शिवून घेतात आणि मांसाच्या गोळ्यासारखे पडून राहतात. अवाढव्य पक्षी येऊन त्यांना उचलतात आणि समुद्रापार नेतात. सिंदबादच्या दरीत हिरे काढायला मांसाचे तुकडे टाकतात, इथे माणूस स्वतःच मांस होतो. कोणी कोणाचं उचललं हा वाद बंदरांवरच्या माणसांनी कधी घातला नसावा. जहाजात माल येत होता तशा गोष्टीही येत होत्या.

गरुडाच्या गोष्टीत टेबलावर खेळण्यासारखं काय आहे?

जवळजवळ सगळंच. आदिपर्वातलं आस्तिकपर्व उघडा. विनता आणि कद्रू या सवती उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीच्या रंगावर पैज लावतात, कद्रू आपल्या सर्पपुत्रांना शेपटीला चिकटायला लावून फसवते आणि विनता दासी होते. त्याआधीच विनतेने उतावीळ होऊन एक अंडं वेळेआधी फोडलेलं असतं. त्यातून अर्धवट वाढलेला अरुण बाहेर येतो, आईला दास्याचा शाप देतो आणि सूर्याच्या रथावर जाऊन बसतो. दुसऱ्या अंड्यातून पाचशे वर्षांनी गरुड. तो सर्पांना सरळ विचारतो, आईच्या सुटकेची किंमत काय? उत्तर येतं: अमृत.

इथून पुढे जे घडतं ती गेल्या पन्नास वर्षांत छापलेल्या कुठल्याही मोहिमेपेक्षा चांगली रचलेली मोहीम आहे. वाटेत भूक लागते. बाप कश्यप त्याला वाटणीवरून भांडून शापाने हत्ती आणि कासव झालेल्या दोन भावांकडे पाठवतो. (गोव्यात हा भाग सांगितला की मालमत्तेचे खटले आठवून टेबलावर कोणीतरी हसतंच.) हत्ती सहा योजनं उंच, कासव तीन. दोघांना नखांत धरून गरुड वडाच्या फांदीवर बसतो, फांदी मोडते, आणि तिला अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी उलटे लटकून तप करताना दिसतात. फांदी सोडली तर ऋषी मरतात. मग हा चोचीत फांदी, पायांत हत्ती आणि कासव, असा जागा शोधत फिरतो.

अमृताभोवती तीन अडथळे आहेत. पहिलं आगीचं कडं, ते नद्यांचं पाणी आणून विझवायचं. दुसरं फिरतं धारदार चक्र, त्याच्या आऱ्यांतून अंग चोरून शिरायचं. तिसरे पापणी न लवणारे दोन सर्प, ज्यांची नजर पडली की राख. त्यांच्या डोळ्यांत धूळ उडवायची. आग, सापळा, राखणदार. एकाही अडथळ्याचं उत्तर नुसती ताकद नाही. परतताना विष्णूशी वरांची देवाणघेवाण होते, इंद्राच्या वज्राचा मान राखायला गरुड एक पीस टाकतो, आणि अमृत दर्भावर ठेवून शब्द पाळतो. सर्प आंघोळीला जातात तेवढ्यात इंद्र ते पळवतो. करार पूर्ण, आई मोकळी, सर्पांच्या हाती दर्भ. खेळाडूंनी असा शेवट स्वतःहून काढला तर मी त्या दिवशीचं सगळं चहापाणी माझ्यावर घेतो.

पण गरुड देव आहे. त्याला खेळात आणलेलं घरच्यांना चालेल का?

घरावर अवलंबून आहे. माझा साधा नियम: गरुड टेबलावर येऊ शकतो, त्याचे हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा, मात्र लिहायचे नाहीत. तो प्रश्न विचारेल, वाट अडवेल, एखादं पीस देईल, पण त्याच्यावर फासा टाकता येणार नाही. देवळात तो देवासमोर हात जोडून बसलेला असतो आणि टेबलावर आजीही बसलेली असू शकते. हाच विचार थंडरबर्डला लावावा. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या समाजांत पंखांनी गडगडाट करणारा, देवमासा उचलणारा तो पक्षी आजही कुळचिन्ह म्हणून जिवंत आहे. त्याला तीन सोन्याच्या नाण्यांसाठी मारायला लावणं मला बरं वाटत नाही.

जटायू आणि संपाती?

दोघे अरुणाचे मुलगे, म्हणजे गरुडाचे पुतणे. तरुणपणी सूर्याकडे उडताना जटायू भाजू लागला तेव्हा संपातीने पंख पसरून त्याला सावली दिली आणि स्वतःचे पंख गमावले. म्हातारा जटायू रावणाला अडवून मेला. म्हातारा, पंख नसलेला संपाती किनाऱ्यावर बसून वानरांना सीता कुठे आहे ते सांगतो. डीएमसाठी संपाती जास्त मोलाचा. उडू न शकणारा पण शंभर योजनं पाहू शकणारा पक्षी हे माहिती देणारं पात्र म्हणून अफाट आहे, आणि त्याच्याकडून काही काढायचं तर आधी त्याच्या भावाची बातमी त्याला द्यावी लागते.

नाशिककडे इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद जटायूशी जोडलेलं आहे. केरळात चडयमंगलमला त्याचं २०० फूट लांबीचं शिल्प २०१८ पासून लोकांसाठी खुलं आहे. नकाशावर पडलेला पक्षी केवढा दिसेल याची कल्पना यायला त्या शिल्पाचा वरून काढलेला फोटो टेबलावर ठेवा.

गंडभेरुंड आणि भारुंड एकच का?

दोन डोकी दोघांनाही आहेत, स्वभाव मात्र वेगळे. गंडभेरुंड हे सत्तेचं चिन्ह. बळ्ळिगावीला अकराव्या शतकातला त्याचा स्तंभ आहे, विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो हत्ती धरून दिसतो, म्हैसूरच्या वडियारांनी तो घेतला आणि आज तो कर्नाटकाच्या राज्यचिन्हात आहे. आपल्या, गोव्यावर राज्य केलेल्या, कदंबांनी सिंह निवडला. गोव्याच्या सरकारी कदंबा बसवर रोज दिसतो तो तोच.

भारुंड पंचतंत्रातला. पोट एक, माना दोन. एका तोंडाला अमृतासारखं फळ मिळतं, ते दुसऱ्याला देत नाही, दुसरं तोंड रागाने विषारी फळ खातं, दोघंही मरतात. हा टेबलावर आणायचा असेल तर दोन डोकी दोन खेळाडूंना द्या, हिट पॉइंट एकच ठेवा आणि तुम्ही गप्प बसा.

गोव्याच्या लोककथांत असा पक्षी आहे का?

गावच्या गोष्टींत राज्य देवचाराचं आणि राखणदाराचं, म्हणजे गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तींचं. घोंगडी, काठी, रात्रीची फेरी, वेशीवर रोट (जाड भाकरी) आणि सोरो (दारू). आभाळ इथल्या गोष्टींत तसं रिकामंच आहे. मोठा पक्षी येतो तो पुराणातून, कीर्तनातून किंवा शिगम्याच्या चित्ररथावर पंख हलवत. राज्यपक्षी म्हणाल तर बुलबुल. त्याच्यावर मोहीम रचायची हिंमत असेल त्याने जरूर रचावी.

पण खरे पक्षी उपयोगी पडतात. जेटीवर मासळीच्या टोपल्यांवर झेपावणारी ब्राह्मणी घार, जिला पुष्कळ लोक गरुडाचंच रूप मानून हात जोडतात. किनाऱ्यावरचा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास. आणि मोले-म्हादईच्या रानातला मोठा धनेश, ज्याच्या पंखांचा घरघराट पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो. रॉक आणायचा असेल तर हाच क्रम ठेवा. आधी आवाज, मग सावली, मग गुरं दावी तोडतात, आणि पक्षी सर्वांत शेवटी.

सीमुर्ग, पेंग आणि बाकीचे?

शाहनाम्यातली सीमुर्ग पांढऱ्या केसांच्या, बापाने टाकलेल्या झालला वाढवते आणि निरोप देताना पीस देते. ते जाळलं की ती येते. झालच्या मुलाच्या, रुस्तमच्या, जन्माच्या वेळी आईचं पोट चिरून मूल कसं काढायचं तेही तीच सांगते. खेळात ती गुरू म्हणून उत्तम. पेंग चिनी तत्त्वज्ञ च्वांग्झच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात आहे: कुन नावाचा मासा पक्षी होतो, पाठ हजारो ली (चिनी मैल) लांब, उड्डाण नव्वद हजार ली उंच. एवढ्या पक्ष्याशी कोणी लढत नाही. त्याच्या पाठीवर गाव वसवावं. मेसोपोटेमियाचा सिंहमुखी अंझू देवांच्या नियतीच्या पाट्या चोरतो, म्हणून चोरीच्या कथानकाला तो बरा. नॉर्स लोकांचा ह्रेस्वेल्ग म्हणजे जगाच्या टोकाला गरुडाच्या रूपात बसलेला राक्षस, ज्याच्या पंखांनी वारा सुटतो. तो फक्त हवामान म्हणून वापरा.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये रॉक कधीपासून आहे? त्याचे आकडे काय?

पहिल्या दिवसापासून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या १९७४ च्या मूळ पेटीतल्या राक्षसांच्या यादीत तो आहे, आणि तेव्हापासून गेलेला नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याचं चॅलेंज रेटिंग (किती अवघड ते) ११, आर्मर क्लास (त्याला लागायला फाशावर गाठायचा आकडा) १५, हिट पॉइंट सरासरी २४८, जमिनीवर वेग २० फूट आणि हवेत १२०. तो एका फेरीत दोन हल्ले करतो. चोचीचं सरासरी नुकसान २७, नखांचं २३. नखं लागली की बळी पकडला जातो आणि सुटायला वीस बाजूंच्या फाशावर, पात्राची भर धरून, १९ गाठावे लागतात. त्या पुस्तकातल्या कथेप्रमाणे जायंट या महाकाय माणसांच्या देवाने ड्रॅगनना आकाशात टक्कर द्यायला रॉक घडवले.

पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळात तो थोडा हलका आहे, नवव्या पातळीचा.

नियम विकत घेतल्याशिवाय चालेल का, असंही बरेच विचारतात. चालेल. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे आणि रॉक त्यात आहे.

आमची पार्टी (पात्रांची टोळी) पाचव्या लेव्हलची आहे. रॉक आणू का?

आणा, पण आकडेमोड आधी करा. पुस्तकात रॉकच्या नावापुढे छापलेली चोच आणि नखं ही त्याची खरी हत्यारं नव्हेत. त्याचं खरं हत्यार उंची आहे. पडण्याचं नुकसान दर दहा फुटांना एक सहा बाजूंचा फासा, जास्तीत जास्त वीस फासे. रॉकने पहिल्या फेरीत पकडून १२० फूट वर नेलं आणि सोडलं तर बारा फासे, सरासरी ४२. दुसऱ्या फेरीपर्यंत धरून ठेवलं तर दोनशे फुटांच्या वर, म्हणजे पूर्ण वीस फासे, सरासरी ७०. पाचव्या लेव्हलच्या, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असलेल्या विझर्डचे (जादूगाराचे) सरासरीने ३२ हिट पॉइंट होतात. सत्तरातून बत्तीस गेले, उरले अडतीस, आणि उरलेलं नुकसान त्याच्या कमाल हिट पॉइंटइतकं किंवा जास्त झालं की तो जागीच मरतो. जीव वाचवायला फासे टाकायची संधीही नाही. आणि हवेत असताना जो आनंदाने १९ गाठून सुटतो, तो कुठे पडणार हे त्याला आधी विचारा.

दूधसागराच्या कड्यावरून पडलं तर जास्त लागतं का, असा प्रश्न एकदा आला होता. नाही. धबधबा तीनशे मीटरच्या वर, म्हणजे हजार फूट, पण नियमाप्रमाणे वीस फाशांवर मोजणी थांबते. भौतिकशास्त्रालाही हे फार नामंजूर नसावं, कारण हवेच्या विरोधामुळे वेगाला मर्यादा असतेच.

उपाय म्हणजे फेदर फॉल, पडणं पिसासारखं हळू करणारा. पहिल्या पातळीचा मंत्र, पडत असताना रिअॅक्शन म्हणून, आपली पाळी नसतानाही, टाकता येतो, पाच जणांना पुरतो. रॉकच्या सेशनआधी मी खेळाडूंना एवढंच सांगतो की मंत्रांची यादी पुन्हा एकदा बघा. ज्याला कळायचं त्याला कळतं.

म्हणजे त्याला मारायचंच नाही?

मूळ गोष्टी पुन्हा बघा. सिंदबाद रुखच्या पायाला लटकतो. शक्तिदेव पिसांत लपतो. सानुदासाचे सोबती मांस होऊन पडतात. झालला पीस मिळतं. इब्न बतूताच्या खलाशांना तर पक्षी दिसतही नाही. यांतलं कोणीच पूर्ण वाढलेला पक्षी मारत नाही. पिल्लू मारलं त्यांचं जहाज बुडालं. लपणं, फसवणं, सौदा करणं, स्वार होणं, कर्ज फेडणं, एवढे मार्ग या गोष्टींनी ठेवले. खेळाने त्यावर २४८ आकडा लिहिला आणि सगळे तलवारी काढून बसले. मला वाटतं तिथे चूक होते. रॉकशी लढाई लावायची असेल तर खुशाल लावा, पण तिच्याआधी निदान तीन दुसरे दरवाजे उघडे ठेवा आणि ते खेळाडूंना दिसू द्या.

पिल्लू पाळता येईल का?

हा प्रश्न प्रत्येक टेबलावर येतो. उत्तर: रोज एक म्हैस आणा, मग बोलू. स्वारीसाठीच हवं असेल तर जायंट ईगल घ्या. रेटिंग १, वेग ८० फूट, आणि तो भाषा समजतो, म्हणजे त्याची परवानगी विचारता येते.

गोव्यातच घडणारी मोहीम रचायची तर सुरुवात कुठून करू?

गोपकपट्टणापासून. आजचं थोरलें गोवें, जुवारी नदीचा काठ, कदंबांचं बंदर. पहिल्या जयकेशीच्या काळात, अकराव्या शतकात, इथे अरब व्यापाऱ्यांचा राबता होता आणि त्यांच्यातला एक जण राजाच्या कारभारात मोठ्या पदावर होता. म्हणजे रुखची गोष्ट सांगणारी माणसं याच धक्क्यावर उतरत होती. त्याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

माझा आराखडा असा. एक गलबत येतं. मालात शिडाच्या कापडात शिवलेली गोल वस्तू; नाखवा म्हणतो पाण्याचा रांजण. जकातीच्या माणसाला रांजण उबदार लागतो. नाखव्याला ते विकायचं आहे, राजाच्या वैद्याला विकत घ्यायचं आहे, आणि एका म्हाताऱ्या खलाशाला ते आजच्या आज परत न्यायचं आहे. खेळाडू जकातीच्या बाजूने. तिसऱ्या दिवशी दुपारी जुवारीवरून सावली जाते आणि होड्या परत फिरतात. चौथ्या दिवशी सत्तरी तालुक्यातून निरोप येतो की सोंसोगड डोंगरावर काहीतरी बसलंय आणि रानातले धनेश गप्प आहेत. अंडं कुठे न्यायचं, कोणी न्यायचं आणि वाटेत ते फुटायला लागलं तर काय, एवढ्यावर तीन सेशन आरामात जातात. राखणदाराला वाट दाखवायला ठेवा. रोट दिला नाही तर तो चुकीची वाट दाखवेल. लढाई हवीच असेल तर ती नाखव्याच्या माणसांशी.

पावसाळ्यात खेळत असाल तर वीज जाईल तो क्षण सावलीसाठी राखून ठेवा. आमच्याकडे तो हमखास येतो.

एवढ्या मोठ्या पक्ष्याची मिनी, म्हणजे टेबलावर ठेवायची छोटी मूर्ती, कुठून आणायची?

नियमाप्रमाणे रॉक किमान २० बाय २० फूट जागा घेतो, म्हणजे इंचाच्या चौकटींवर चार बाय चार. विकतची मिनी महाग पडते. पुठ्ठ्याची सावली कापा, काळा रंग द्या आणि नकाशावर सरकवा. पक्षी वर आहे, खाली फक्त सावली आहे, हे खेळाडूंना लगेच कळतं. थोडा थाट करायचा असेल तर गावात नरकासुर बनवणारी पोरं असतातच. कागदाचा लगदा, बांबूच्या कामट्या आणि दोन संध्याकाळी दिल्या की ती कोणत्याही दुकानापेक्षा भयंकर चोच करून देतात, फक्त दिवाळीच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊ नका. अंड्यासाठी अर्धी करवंटी घासून पांढरी रंगवा.

हत्तीपक्ष्याच्या एका अंड्यात किती रोस ऑम्लेट (रश्श्यातलं ऑम्लेट) होतील?

हाही प्रश्न खरोखर येतो, बहुधा रात्री साडेदहानंतर. त्या अंड्यात कोंबडीच्या सुमारे दीडशे अंड्यांएवढा ऐवज मावे. एका प्लेटला दोन अंडी धरली तर पंचाहत्तर प्लेट. पाव आणि रोस वेगळा लागेल.